व्हीआरच्या मीटिंगमध्ये बोलायला तीन मिनिटं मिळणार आहेत, काय बोलू?

जाईजुई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत, बावीस वर्षं झाली. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, केस चालू आहे आणि आमचं गाव छोटं, त्यात मराठी घरं चार. मुलगा २० वर्षांचा, जन्म इथलाच, ऑटिझम आहे. बोलतो पण मोजकं. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. आकडे आणि तारखा एकदम पक्क्या. आमच्या घरातलं मसाल्याचं कपाट तो लावतो, प्रत्येक पाकिटावरची एक्स्पायरी डेट बघून, जुनं पुढे नवं मागे, एकदा मी घाईत नवी धणेपूड पुढे खुपसली तर रात्री अकराला अंथरुणातून उठून नीट करून गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हीआर म्हणजे व्होकेशनल रीहॅबिलिटेशन. अपंग माणसाला नोकरीसाठी तयार करणं, नोकरी शोधायला आणि टिकवायला मदत करणं, हे करणारं राज्याचं खातं. प्रत्येक राज्यात असतं. गेल्या वर्षी हायस्कूल डिप्लोमा मिळाला आणि आम्ही तिकडे अर्ज केला. पात्र आहे हे ठरायला चार महिने गेले. तेवढ्यात काउन्सेलर बदलली, मग परत बदलली, आताची तिसरी. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायचं, जन्माच्या वेळचं वजनसुद्धा.

मग तीन तासांची असेसमेंट. लाकडी खुंट्या भोकांत बसवायच्या, त्याला वेळ लावायचा. नंतर चित्रं दाखवून विचारायचं, हे काम आवडेल का. त्याने साठच्या साठ चित्रांवर 'आवडेल' म्हटलं, कारण शाळेत बारा वर्षं त्याला शिकवलंय की 'आवडेल' म्हटलं की समोरची माणसं खूश होतात. रिपोर्टमध्ये आलं, 'स्टॉक क्लार्क'. ओळखीच्या आणखी दोन मुलांच्या रिपोर्टमध्येही तेच, त्यातल्या एकाला गाणं येतं आणि एकाला फक्त कुत्री कळतात.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागला. जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा, सहा दिवस आला, सातव्या दिवसापासून नाही. बाराव्या दिवशी हा मागच्या दाराने बाहेर पडला आणि बसस्टॉपवर जाऊन बसला. का, ते सांगेना. कोचच्या नोंदीत एक ओळ, 'मोटिव्हेशन कमी'. आता केस बंद करत असल्याचं पत्र आलंय.

तर मुद्दा असा. पुढच्या महिन्यात व्हीआरच्या राज्य आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला जाहीर मीटिंग आहे. माणशी तीन मिनिटं. नवरा म्हणतो काही उपयोग नाही, खुर्ची गरम करून परत येशील. मला जायचंय. पण तीन मिनिटांत काय मागू? नुसतं रडगाणं गायचं नाहीये. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी सांगा, एकच गोष्ट सुधारा म्हणायचं तर कुठली?

---

रविवारची_मिसळ:

ताई, मीटिंगचं नंतर. आधी ते पत्र हातात घ्या आणि शेवटचा पॅरा वाचा. केस बंद करण्याआधी तुमच्याशी बोलणं त्यांना बंधनकारक आहे, आणि अपील कसं करायचं आणि कॅपचा पत्ता काय हे त्या पत्रात असावंच लागतं. कॅप म्हणजे क्लायंट असिस्टन्स प्रोग्राम, प्रत्येक राज्यात आहे, फुकट आहे, व्हीआरशी भांडण असेल तर तुमच्या बाजूने बोलणारी माणसं. आम्हाला हे तीन वर्षांनी कळलं, कारण असल्या गोष्टी कायम शेवटच्या पॅऱ्यात बारीक अक्षरांत असतात. उद्याच फोन करा. आणि मुलाची सही लागेल, तो अठराच्या वर आहे, तुमच्या नावाने अर्ज चालणार नाही (गार्डियनशिप घेतली असेल तर गोष्ट वेगळी).

दुसरं, चार महिने लागले म्हणता ना. कायद्यात अर्जापासून ६० दिवस आहेत पात्रता ठरवायला. जास्त लागणार असतील तर तुमची संमती घ्यावी लागते. त्याला एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंगांना केंद्राकडून दर महिन्याला मिळणारे पैसे) मिळत असेल तर तो पात्र धरलाच जातो, फक्त कागद दाखवायचा. आणि पात्र ठरल्यापासून ९० दिवसांत आयपीई, म्हणजे त्याचा नोकरीचा प्लॅन, तयार व्हायला हवा. तो प्लॅन काउन्सेलरनेच लिहायला हवा असंही नाही. तुम्ही आणि मुलगा मिळून लिहून नेऊ शकता, मंजुरी त्यांची लागते. आम्ही दुसऱ्यांदा लिहून नेला, लेकीच्या शब्दांत, दीड पान. काउन्सेलर बाई खूश झाल्या हो, त्यांचं काम वाचलं.

माझा एकच नियम, जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेल करायचं. 'आज आपलं असं ठरलं, माझं चुकत असेल तर कळवा.' बस. काउन्सेलर बदलली तरी ईमेल बदलत नाही. माझ्याकडे आता फोल्डर आहे, बायको त्याला माझी दुसरी बायको म्हणते.

आणि एसएसआय जाईल म्हणून घरात कुणी घाबरत असेल तर हिशेब करून दाखवा. महिन्याला ६८५ डॉलर कमावले समजा. पहिले ८५ धरत नाहीत, राहिले ६००, त्यातले निम्मे धरतात. म्हणजे एसएसआय ३०० ने कमी होतो आणि हातात एकूण ३८५ जास्तच येतात. मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) लगेच जात नाही, त्याला वेगळी तरतूद आहे. आमच्या इथे निम्मे पालक या एका भीतीने मुलांना घरी बसवतात. मीटिंगमध्ये हे मागा, की प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हा हिशेब कागदावर करून द्या.

---

वडाची_पारंबी:

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. अकरा वर्षं व्हीआर काउन्सेलर होते, तुमच्या नाही, दुसऱ्या राज्यात. गेल्या वर्षी सोडलं.

आधी थोडी बाजू मांडते, मग शिव्या घाला. माझ्या नावावर १४० केसेस होत्या. आठवड्याचे तास चाळीस, त्यातले निम्मे कॉम्प्युटरमध्ये नोंदी करण्यात, कारण दिलेली प्रत्येक सेवा केंद्र सरकारला कळवावी लागते. उरलेल्या वेळात एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला दहा मिनिटंही धड येत नाहीत. तुमच्या तीन काउन्सेलर का बदलल्या, याचं उत्तर यातच आहे. मास्टर्स केलेली माणसं हॉस्पिटलात किंवा शाळेत जास्त पगारावर जातात, आम्ही नवीन माणूस शिकवतो, तो दीड वर्षाने जातो.

पैशाचं गणित असं. व्हीआरला साधारण ७८.७ टक्के पैसा केंद्राकडून येतो, राज्याने २१.३ घालायचा. रुपयातले एकवीस पैसे घातले की एकोणऐंशी मिळतात, यापेक्षा स्वस्तात काय मिळतं? तरी काही राज्यं आपला हिस्सा पूर्ण घालत नाहीत आणि केंद्राचे पैसे परत जातात, मग ते दुसऱ्या राज्यांत वाटले जातात. मीटिंगला जाणार असाल तर हा प्रश्न जरूर विचारा, गेल्या वर्षी आपल्या राज्याने किती पैसे परत केले? एका वाक्याचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. त्यात २०१४ च्या कायद्याने केंद्राच्या पैशातला किमान १५ टक्के शाळेतल्या मुलांसाठी राखून ठेवायला लावला. चांगलीच गोष्ट आहे, पण एकूण पिशवी तेवढीच राहिली, त्यामुळे शाळा संपलेल्या पोरांसाठी ओढाताण वाढली. पैसे पुरेनासे झाले की राज्य 'ऑर्डर ऑफ सिलेक्शन' लावतं, म्हणजे वेटिंग लिस्ट, सगळ्यात गंभीर अपंगत्व असलेल्यांचा नंबर आधी.

आता खरं दुखणं. व्हीआरमध्ये नोकरी लागून ९० दिवस टिकली की केस 'यशस्वी' म्हणून बंद करता येते. जुन्या पद्धतीत या क्लोजरचा कोड २६ होता. आकड्यांची पद्धत गेली पण आमच्या ऑफिसात जुनी माणसं अजून विचारायची, 'या महिन्यात किती सव्वीस?' नव्या कायद्याने नोकरी सुटल्यानंतर नव्हे, केस बंद झाल्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का तेही मोजतात, ते बरं झालं. पण ज्याचा नव्वदावा दिवस आला त्याचा कोच बंद, आणि ऑटिझम असलेल्या मुलाला एक्याण्णवाव्या दिवशीच मॅनेजर बदलतो. लांबची मदत सहसा व्हीआर देत नाही, ती द्यायची दुसऱ्या खात्याने, आणि त्या खात्याची वेगळी वेटिंग लिस्ट. या दोन खात्यांच्या मधे जी फट आहे तिच्यात मी निदान वीस मुलं पडताना बघितली.

आणि खुंट्यांबद्दल. त्या खुंट्यांच्या चाचणीने हाताचा वेग कळतो, माणूस कळत नाही. याला पर्याय आहे आणि तो कायद्यात आहे, कस्टमाइज्ड एम्प्लॉयमेंट. त्याची सुरुवात 'डिस्कव्हरी'ने होते. म्हणजे कुणीतरी तुमच्या घरी येतं, दोन-चार दिवस त्याच्यासोबत घालवतं, तो काय करतो, कुठे थकतो, कुठे रमतो ते लिहितं, आणि त्यावरून काम शोधतं, किंवा एखाद्या मालकाकडे असलेल्या कामांतून त्याला जमेल असं काम वेगळं काढून घेतं. तुमचं मसाल्याचं कपाट हीच डिस्कव्हरीची पहिली नोंद आहे, बाई! एक्स्पायरी डेट बघून माल फिरवणं हे फार्मसीत, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, फूड बँकेत पगार देऊन करून घेतात. पण डिस्कव्हरीला तास लागतात आणि चाचणी तीन तासांत उरकते.

मानसिक आजार असलेल्यांसाठी अशीच एक पद्धत आहे, आयपीएस म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट. आधी नोकरी, ट्रेनिंग नोकरीतच, आणि नोकरी शोधून देणारा माणूस दवाखान्याच्या टीममध्येच बसतो. तिच्यावर पुष्कळ अभ्यास झालाय आणि रिझल्ट जुन्या पद्धतीपेक्षा चांगले आलेत. आपल्याकडे आई म्हणते ना, पोहायला शिकायचं तर विहिरीत उतर, तसंच, फक्त कमरेला डबा बांधून. व्हीआरची जुनी सवय उलटी, काठावर बसवून दोन वर्षं हात मारायला शिकवायचं.

मी तुमच्या जागी असते तर एकच मागितलं असतं. तिसऱ्या महिन्यात टाळ्या वाजवू नका, बाराव्या महिन्यात तो कामावर आहे का ते बघा, आणि नसेल तर का गेला ते त्याला विचारून लिहा.

---

एच४_आई:

मधेच घुसतेय. जाईजुई, तुमच्याकडे निदान पत्र तरी आलं. माझी मुलगी १९ ची, एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. व्हीआरने दारातच सांगितलं, वर्क परमिट नाही तर सेवा नाही. नियमच तसा आहे म्हणून त्यांनाही काय बोलणार. एसएसआय पण नाही. २१ झाली की आमच्या व्हिसावरूनही बाहेर. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही कुठे आहोत ते विचारू नका, नातवंडं ग्रॅज्युएट होतील.

जे माझ्यासारखे आहेत त्यांच्यासाठी एकच कामाची गोष्ट सांगते. शाळा व्हिसा विचारत नाही. स्पेशल एज्युकेशनचा हक्क बऱ्याच राज्यांत २१ पर्यंत असतो आणि त्यात नोकरीची तयारी, बाहेर जाऊन काम शिकणं, बसने एकटं जायला शिकणं, हे सगळं मागता येतं. पण रेग्युलर डिप्लोमा हातात घेतला की तो हक्क संपतो. आम्ही डिप्लोमा थांबवलाय. ग्रॅज्युएशनचा गाउन घालून फोटो काढला, हार घातला, आजीला व्हिडिओ कॉल केला, आणि सोमवारी परत शाळा.

---

जाईजुई:

@एच४_आई, हे मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर. आम्ही डिप्लोमा घेतला, वर पेढे वाटले. शाळेने विचारलं होतं, 'घ्यायचाय ना?' आणि मी म्हटलं, म्हणजे काय, घ्यायचाच.

@रविवारची_मिसळ, कॅपला फोन केला. अपील चालू असेपर्यंत प्लॅनमधल्या सेवा थांबवता येत नाहीत म्हणाले. धन्यवाद दादा. दुसऱ्या बायकोला नमस्कार सांगा.

@वडाची_पारंबी, तुमचं दोनदा वाचलं, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पैसे परत जातात हे ऐकून तो पहिल्यांदा उठून बसला.

---

पांढरी_काठी:

सगळं वाचलं. म्हणजे ऐकलं. एक विचारतो, राग मानू नका. इतक्या प्रतिसादांत आई बोलली, बाबा बोलले, काउन्सेलर बोलली. तो दुकानातून का गेला हे त्याला कुणी परत विचारलंय का?

मी स्वतः व्हीआरचा गिऱ्हाईक. मूळचा साताऱ्याचा, इकडे एमएस करायला आलो, तिशीत रेटिनायटिस पिगमेंटोसाने नजर गेली, एकदम नाही, दिव्याची वात खाली करत न्यावी तशी. इथे काही राज्यांत अंधांसाठी व्हीआरचं वेगळं खातं असतं, आमच्याकडे आहे. त्यांनी काठी घेऊन रस्ता ओलांडायला शिकवलं, स्वयंपाक शिकवला, जॉज नावाचा स्क्रीन रीडर शिकवला. हे सगळं उत्तम होतं आणि ते मी कुणाजवळही सांगेन. पण नोकरी लागली सोमवारी आणि ऑफिसच्या मशीनवर तो स्क्रीन रीडर चढला पाच आठवड्यांनी, कारण नोकरी पक्की झाल्याचं पत्र आल्याशिवाय खरेदीचा कागद हलत नव्हता. पाच आठवडे मी हेडफोन कानाला लावून बंद स्क्रीनपुढे बसायचो. कँटीनचा मेनू पाठ झाला. शेजारचा समजायचा की मी ट्रेनिंग ऐकतोय. माझ्या जागी विशीतलं पोरगं असतं तर दुसऱ्या आठवड्यात उठून गेलं असतं, आणि नोंदीत काय लिहिलं असतं? मोटिव्हेशन कमी.

या पद्धतीत एक चांगली जुनी गोष्टही आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९३६ चा रँडॉल्फ-शेपर्ड कायदा. केंद्र सरकारच्या इमारतींत कँटीन, स्टॉल, व्हेंडिंग मशीन चालवायला अंध माणसांना पहिला मान. ट्रेनिंग आणि लायसन्स राज्याचं खातं देतं. माझा एक मित्र कोर्टाच्या इमारतीत स्टॉल चालवतो, दोन माणसं कामाला ठेवलीत, नोटा मोजायला मशीन आहे पण नाणं बोटांनी ओळखतो. त्याला काउन्सेलर लागत नाही, त्याला त्याचा धंदा आहे. सगळ्यांना नोकरच का करायचं?

तर ताई, तीन मिनिटांतलं निदान एक मिनिट तुमच्या मुलाचं असू द्या. बोलला नाही तर लिहून द्या. पण आधी विचारा. 'का गेलास' असं विचारू नका, 'का' ला आम्हा लोकांकडे उत्तर नसतं, कारण ते आरोपासारखं ऐकू येतं. त्या दिवशी काय काय झालं ते वेळेप्रमाणे सांग म्हणा. तारखा पक्क्या आहेत म्हणता ना.

---

मुळाकाठ:

पुण्याहून. तुमचं वाचून हेवा वाटावा की कीव यावी कळेना. माझा भाऊ डाऊन सिंड्रोमचा, ३१. इकडे २०१६ चा कायदा आहे, अपंगत्वाचे २१ प्रकार, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण. खासगीत सक्ती नाही. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं. मुंबईत सायनला केंद्राचं सेंटर आहे, पूर्वी व्हीआरसी म्हणायचे, आता नाव नॅशनल करिअर सर्व्हिस वगैरे लांबलचक. पण प्रत्येक माणसामागे एक काउन्सेलर आणि त्याचा लिहिलेला प्लॅन, ६० दिवसांत उत्तर नाही तर अपील, हे आम्ही स्वप्नात पण बघितलं नाही. आमच्याकडे प्लॅन आईच्या डोक्यात असतो, आणि आई ६८ ची आहे.

भाऊ वर्कशॉपमध्ये पणत्या रंगवतो, दिवाळीआधी दोन महिने. उरलेले दहा महिने कागदी पिशव्या. पगार नाही, 'मानधन' आहे.

---

वडाची_पारंबी:

@मुळाकाठ, तशी वर्कशॉप्स इकडेही आहेत. १९३८ च्या मजुरी कायद्यात एक कलम आहे, १४ (सी), त्याने अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी द्यायला परवानगी मिळते. काही राज्यांनी आपल्याकडे ते बंद केलंय. आणि २०१६ पासून २४ किंवा त्याहून कमी वयाच्या मुलाला आधी व्हीआरचे पर्याय न दाखवता तिथे बसवता येत नाही. म्हणजे दार अजून उघडं आहे, फक्त दारात एक फॉर्म ठेवलाय. तुमच्या भावाने दहा वर्षांत पणत्यांशिवाय आणखी काही करून बघितलंय का? खरंच विचारतेय.

---

मुळाकाठ:

शेजारच्या किराणा दुकानात बसायला आवडतं त्याला. दुकानदार काका त्याला पिशव्या भरायला देतात. पैसे नाहीत, लिमलेटची गोळी. आता तुम्ही म्हणाल हीच डिस्कव्हरी.

---

वडाची_पारंबी:

हीच. गोळीच्या ऐवजी पगार मागायला कुणी गेलं नाही एवढंच.

---

पांढरी_काठी:

@मुळाकाठ, ते 'दिव्यांग' तेवढं माझ्यासाठी वापरू नका राव. आमच्या आजीचा 'आंधळा' चालतो मला, तिने त्यात पुरणपोळी घातलेली असायची.

---

जाईजुई:

तीन आठवड्यांनी येतेय. मीटिंग झाली. पण आधीचं सांगते.

@पांढरी_काठी, तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. वेळेप्रमाणे. वही दिली, त्याने बाराही दिवस लिहून काढले. कुठल्या मिनिटाला काय. मी वाचत बसले आणि लक्षात आलं की रोज ११:४० ला एक ओळ आहे, 'did not go'. कुठे नाही गेलास? तर टॉयलेटला. त्या दुकानाच्या स्टाफच्या टॉयलेटमध्ये हात वाळवायचं मशीन आहे, हात जवळ गेला की धडाडधूम वाजणारं, आणि सिंकच्या इतकं जवळ की पाणी घ्यायला गेलं तरी चालू होतं. याला तो आवाज सहन होत नाही, मॉलमध्ये लहानपणापासून कान दाबून बाहेर पळायचा, मला माहीत होतं! मला माहीत होतं आणि माझ्या डोक्यातच आलं नाही. तर हा पाच तासांची शिफ्ट लघवी दाबून काढायचा. बारा दिवस. पाणी प्यायचं बंद केलं होतं. बाराव्या दिवशी सहन झालं नाही म्हणून बाहेर पडला. बसस्टॉपच्या पलीकडच्या लायब्ररीत पेपर टॉवेल आहेत हे त्याला माहीत होतं. तिथे जाऊन मग बसस्टॉपवर बसला, कारण परत जावं की नाही हे त्याच्या कामाच्या सूचनांच्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

लिहितानाही हात कापतोय. कोचला दोष देऊन काय करू, तो सहा दिवस बरोबर होता, तो पुरुष, एकदा आत जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं, पण त्याच्याही फॉर्मवर तो प्रश्न नाही.

मीटिंग लायब्ररीच्या तळघरात होती. आम्ही बोलणारे अकरा जण, समोर कौन्सिलची, म्हणजे व्हीआरला सल्ला देणाऱ्या राज्याच्या मंडळाची माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतः अपंग, कायद्यातच तसं आहे म्हणे. मी पैसे परत गेल्याचा प्रश्न विचारला (आकडा लेखी कळवतो म्हणाले, आणि समोरच्या टेबलावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं). मग बारा महिन्यांचं बोलले. मग हे टॉयलेटचं सुरू केलं आणि पेपर टॉवेलपर्यंत पोचते न पोचते तोच टायमर वाजला. सगळी पाठांतरं वाया. खाली बसले.

मग व्हीलचेअरवरच्या एक बाई, कौन्सिलच्या मेंबर, त्यांनी मला नाही, त्याला विचारलं. की असा प्रश्न आम्ही फॉर्ममध्ये घालायचा तर काय काय विचारायला हवं? हा गप्प. मला वाटलं संपलं. याने खिशातून वहीचं पान काढलं आणि नेऊन दिलं. घरी लिहून आणलं होतं, मला न सांगता. चौदा प्रश्न, नंबर घालून. पहिला हँड ड्रायरचा. दुसरा, गाणी किती मोठ्याने लागतात. तिसरा, ब्रेक झाला हे मला कोण सांगणार. सातवा की आठवा, मॅनेजर सुट्टीवर असेल त्या दिवशी मॅनेजर कोण. बाईंनी सगळे वाचले आणि झेरॉक्स काढायला पाठवलं.

फॉर्म बदलेल की नाही देव जाणे. आराखडा आराखड्याच्या वेगाने जाईल. पण केस चालू राहिली, काउन्सेलर स्वतः घरी येऊन मसाल्याचं कपाट बघून गेली, दोन तास बसली, चहा नको म्हणत दोन कप घेतला. गेल्या मंगळवारी एका हॉस्पिटलच्या स्टोअर रूममध्ये काम बघायला गेलो होतो, औषधांच्या तारखा बघून कप्पे लावायचं. सुपरवायझर मशीन, बारकोड, काय काय दाखवत होता, आमच्या साहेबांचं लक्ष नाही. आधी टॉयलेट बघून आला. 'Towels,' म्हणाला, आणि मग बारकोड बघायला उभा राहिला.

---

रविवारची_मिसळ:

ताई, ती चौदा प्रश्नांची यादी इथे टाका ना. लेकीच्या नव्या प्लॅनमध्ये जशीच्या तशी घालतो.

---

जाईजुई:

त्याला विचारून टाकते.